जुन्या ग्रंथांचे पुनर्मुद्रण आणि विस्मृत लोकप्रिय लेखक : भंडारा जिल्ह्याच्या वाचन-इतिहासाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाचा इतिहास प्रामुख्याने लेखकांचा आणि त्यांच्या कृतींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणता ग्रंथ कोणी, केव्हा लिहिला आणि त्याचे वाङ्मयीन मोल काय, हे प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी राहिले. तो ग्रंथ कोणी वाचला, किती काळ वाचला आणि पुढे वाचणे का थांबले, हे प्रश्न मात्र परिघावरच राहिले. जुन्या ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. एखादा ग्रंथ पुन्हा छापण्यायोग्य आहे की नाही हे ठरवताना आपण त्याच्या वाङ्मयीन गुणांचा विचार करतो. एका पिढीच्या वाचनाचे साधन म्हणून त्याची जी योग्यता असते, ती क्वचितच लक्षात घेतो. प्रस्तुत लेखात ही दुसरी बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे. ज्या जिल्ह्यांत ग्रंथनिर्मिती थोडी झाली, पण ग्रंथवाचन मात्र सातत्याने होत राहिले, त्या जिल्ह्यांचा वाङ्मयीन इतिहास लिहावयाचा असेल, तर एकेकाळच्या लोकप्रिय आणि आज विस्मृत झालेल्या लेखकांकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

भंडारा जिल्ह्याची वाङ्मयीन स्थिती

प्राचीन व मध्ययुगीन वाङ्मयाच्या संदर्भात हा प्रदेश मुळीच दरिद्री नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणून आमगावजवळील ज्या पद्मपूरचा निर्देश केला, ते जुन्या भंडारा जिल्ह्यातील होय. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर ते त्या जिल्ह्यात गेले. वैनगंगेच्या काठचे आंभोरा हे क्षेत्र मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'शी परंपरेने जोडले गेले आहे. चक्रधरस्वामींच्या शिष्यपरिवारातील नीळभट्ट भांडारेकर यांच्या नावातच या नगराचे नाव आहे. लोकपरंपरेत दंडार आणि खडीगंमत यांचा वारसा आहे, आणि झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी त्याची नोंद केली आहे.

मुद्रणयुगात मात्र चित्र पालटते. मराठी ग्रंथव्यवहाराची मोठी केंद्रे पुणे व मुंबई येथे होती, आणि पुढे विदर्भापुरते ते स्थान नागपूरला आले. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात भंडारा होता; १९५६ पर्यंत या जिल्ह्याची प्रशासकीय राजधानी नागपूरच होती. या व्यवहारात भंडाऱ्याचा वाटा प्रामुख्याने वाचकाचा. पुण्या-मुंबईची मासिके टपालाने येत, पुस्तके व्ही. पी.ने मागवली जात, आणि शाळा, वाचनालये व सुशिक्षित कुटुंबे यांच्यामार्फत ती हातोहात फिरत. ग्रंथकारांची नामावळी हाच वाङ्मयेतिहासाचा निकष मानला, तर असा जिल्हा इतिहासाच्या एखाद्या तळटीपेत आटोपतो. वाचन हाही वाङ्मयेतिहासाचा विषय मानला, तर मात्र त्याला स्वतःचा इतिहास प्राप्त होतो. हा इतिहास ज्या पुस्तकांच्या आधारे लिहावयाचा, तीच पुस्तके सर्वांत वेगाने नाहीशी होत आहेत.

पुनर्मुद्रणाचे दोन प्रकार

पुनर्मुद्रित ग्रंथांकडे पाहिले असता त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग अशा ग्रंथांचा की, जे आपल्या काळात फारसे वाचले गेले नाहीत आणि पुढील पिढीने ज्यांचे महत्त्व ओळखले. याचे ठळक उदाहरण विदर्भातीलच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. महात्मा फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली, तरी पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, आणि त्यानंतरच तो स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रातील मूलभूत ग्रंथ ठरला. रोझालिंड ओहॅनलन यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये आले. मधली त्र्याण्णव वर्षे हा ग्रंथ नव्हताच असे नाही. त्याची प्रत कोठेतरी सांभाळली गेली म्हणूनच त्याचे पुनर्मुद्रण होऊ शकले. मोरोबा कान्होबा यांच्या 'घाशीराम कोतवाल' (१८६३) या पुस्तकाची कथाही काहीशी अशीच. न. र. फाटक यांच्या प्रस्तावनेसह १९६१ मध्ये ते पुन्हा निघाले; विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आल्यावर मूळ पुस्तकाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वळले.

दुसरा वर्ग अशा ग्रंथांचा की, जे आपल्या काळात घरोघरी वाचले गेले आणि त्यानंतर कोणाच्याच आठवणीत उरले नाहीत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची नावे वाङ्मयेतिहासात आढळतात. पण त्या वाचलेला वाचक आज विरळा. त्यानंतरच्या काळातील अधिक बोलके उदाहरण विठ्ठल सीताराम गुर्जर (१८८५-१९६२) यांचे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'मधून त्यांनी विपुल कथालेखन केले आणि बंगाली कथासाहित्य मराठी वाचकांना परिचित करून दिले. मराठी लघुकथेला वाचक मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकाची पदे गुर्जरांचीच. ती पदे आजही गायली जातात. त्यांच्या कर्त्याचे नाव मात्र पुष्कळ रसिकांना सांगता येत नाही, आणि त्याच्या कथा तर ग्रंथालयाच्या कपाटातही सहजासहजी हाती लागत नाहीत. लोकप्रियता ही टिकाऊपणाची हमी नसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पहिल्या वर्गातील ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाचे महत्त्व आता सर्वमान्य आहे. दुसऱ्या वर्गाकडे मात्र अभ्यासकांनी काहीशा उपेक्षेने पाहिले. या उपेक्षेची परंपराही जुनी आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून तत्कालीन कादंबरीची परखड चिकित्सा केली. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'कादंबरी' (१९०२) या निबंधानेही मराठी कादंबरीची कठोर झडती घेतली. वाङ्मयसमीक्षा म्हणून हे लेखन मोलाचे आहेच. परंतु समीक्षेने ज्याला कमी लेखले ते जतन करण्याचीही आवश्यकता नाही, असा अर्थ पुढे नकळत रूढ झाला, आणि तो इतिहासाच्या दृष्टीने हानिकारक ठरला.

ग्रंथ कशाच्या बळावर टिकतो

एखादा ग्रंथ पिढ्यानपिढ्या पुन्हा छापला जातो, त्यामागे बहुधा तीनपैकी एखादे बळ असते. पहिले बळ अभ्यासक्रमाचे. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'च्या (१८९०) वाचकांनी उचलून धरल्या. त्या वाचकांची पिढी गेल्यावर त्यांना विद्यापीठीय अभ्यासक्रमाने आधार दिला. दुसरे बळ समूहाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आजही विदर्भातील गावोगावी उपलब्ध असते, कारण तिच्यामागे सामुदायिक प्रार्थना आणि गुरुदेव सेवा मंडळाची संघटना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' या पत्रांतील लेखन शासनाच्या ग्रंथमालेतून अभ्यासकांपर्यंत पोहोचले, त्यामागेही एका जागृत समाजाची मागणी आणि नागपूरच्या वसंत मून यांच्यासारख्या संपादकाचे आयुष्यभराचे श्रम होते. तिसरे बळ बाजाराचे. नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२-१९२८) यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या शिवकालाच्या आकर्षणामुळे पुनःपुन्हा निघत राहिल्या.

ज्या लोकप्रिय लेखकाला या तिहींपैकी एकाचाही आधार मिळाला नाही, तो एका पिढीच्या अवधीत दिसेनासा होतो. अभ्यासक्रम त्याला हलका समजतो, त्याच्यामागे संप्रदाय किंवा संघटना नसते, आणि बाजारात त्याची जागा नव्या लोकप्रिय लेखकाने घेतलेली असते. बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय या त्यांच्या नायकांनी अनेक वाचकांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या निवडक कथा अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या, ही समाधानाची बाब आहे. परंतु हजारातील निवडक म्हणजे किती, आणि उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

लोकप्रिय पुस्तकांच्या बाबतीत एक विरोधाभासही ध्यानात घ्यावा लागतो. जे पुस्तक कोणी वाचले नाही ते कपाटात सुरक्षित राहते. जे सर्वांनी वाचले ते वाचूनच संपते. पाने निखळतात, मुखपृष्ठ जाते, पुठ्ठाबांधणी करताना जाहिरातींची पाने काढून टाकली जातात, आणि अखेरीस 'जीर्ण' असा शेरा मारून पुस्तक नोंदीतून कमी होते. एखाद्या वाचनालयात एखाद्या लेखकाची एकही प्रत शिल्लक नसणे, हा तो लेखक तेथे वाचला गेला नाही याचा पुरावा होत नाही. कित्येकदा वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

पाठाचा प्रश्न

पुनर्मुद्रण म्हणजे जुना मजकूर नव्या कागदावर उतरवणे, अशी समजूत असेल तर ती अपुरी आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी भाषेत फेरफार केले आणि काही भाग गाळला. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा या बदलांची व्याप्ती लक्षात आली. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत ज्यांनी या ग्रंथाचा आधार घेतला, त्यांच्यापुढे गोडसे भटजींबरोबर वैद्यांचीही लेखणी होती.

मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न शुद्धलेखनाच्या रूपाने उभा राहतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. १९७२ मध्ये त्या नियमांत भर पडली. त्यानंतरच्या पुनर्मुद्रणांत जुने लेखन सर्रास नव्या नियमांप्रमाणे बदलण्यात आले. सर्वसामान्य वाचकाच्या सोयीसाठी हे योग्य असेलही. पण भाषेच्या अभ्यासकाला त्या अनुस्वारांत व्याकरणिक माहिती आढळते. निदान मूळ आवृत्ती कोणती वापरली, लेखनात कोणते बदल केले आणि काय गाळले, एवढे निवेदन संपादकाने आरंभी करणे आवश्यक आहे. पुष्कळ पुनर्मुद्रणांत मूळ प्रकाशनाचे वर्षही नसते. मूळ प्रस्तावना, अर्पणपत्रिका, वर्गणीदारांची यादी, किंमत, मलपृष्ठावरील जाहिराती हा सर्व मजकूर 'अनावश्यक' म्हणून वगळला जातो. वाचनाच्या इतिहासकाराला मात्र हाच भाग सर्वाधिक उपयोगाचा असतो. पुस्तक कोणासाठी छापले होते आणि कोणाला परवडत होते, हे त्यावरूनच कळते.

प्रताधिकाराची अडचण

लोकप्रिय लेखकांच्या पुनर्मुद्रणात कायद्याचा भागही महत्त्वाचा आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षेपर्यंत हक्क राहत असत. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क संपण्याच्या सुमारास ही मुदत वाढवण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षे झाली. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते. त्यानुसार हरिभाऊ आपटे (मृत्यू १९१९) व नाथमाधव (मृत्यू १९२८) यांचे साहित्य फार पूर्वीच मुक्त झाले आहे. वि. सी. गुर्जर यांचे साहित्य २०२३ च्या आरंभापासून कोणालाही छापता येते.

विदर्भातील विसाव्या शतकाच्या मध्याची पिढी मात्र अद्याप या मर्यादेत आहे. 'मुक्तात्मा' (१९३३) व 'भंगलेले देऊळ' (१९३४) या कादंबऱ्यांनी एकेकाळी मोठा वाचकवर्ग मिळवणारे ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ मध्ये वारले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत राहील. 'बंधनाच्या पलीकडे' (१९२७) या कादंबरीने खळबळ उडवून देणारे पु. य. देशपांडे १९८५ मध्ये गेले. त्यांच्या बाबतीत ही मर्यादा २०४५ अखेरची आहे. १९९६ मध्ये निधन पावलेल्या अर्नाळकरांच्या बाबतीत ती २०५६ पर्यंत जाते. हक्क जिवंत आहे, पण मूळ प्रकाशनसंस्था बंद पडलेली आणि वारसांचा पत्ता नाही, अशी स्थिती जेथे असेल तेथे पुनर्मुद्रण अडते. लेखक मृत किंवा हक्कधारक अज्ञात असल्यास सक्तीचा परवाना मिळवण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ३१(क)मध्ये आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती प्रकाशित ग्रंथांनाही लागू झाली. मात्र ती प्रक्रिया एखाद्या छोट्या संस्थेला सहज झेपणारी नाही. म्हणून या पिढीच्या बाबतीत तातडीचे काम छपाईचे नसून, पुस्तकाची प्रत आणि वारसांचा ठावठिकाणा यांची नोंद करण्याचे आहे. हक्क मुक्त होईल त्या दिवशी छापण्याजोगी प्रतच उरली नसेल, तर त्या मुक्ततेला अर्थ राहत नाही.

ग्रंथालयांतील पुरावा

वाचन-इतिहासाची साधने दोन ठिकाणी आहेत. पहिले ठिकाण शासकीय दप्तराचे. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमानुसार प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक सूची तयार होत असे. तीत ग्रंथनाम, लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, आवृत्ती आणि किंमत यांच्याबरोबर छापलेल्या प्रतींची संख्याही नोंदवली जाई. लोकप्रियतेविषयी ऐकीव मतांपेक्षा हा आकडा अधिक विश्वसनीय होय. १९५० पर्यंतच्या ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी आहे. कोणते पुस्तक छापले गेले हे या सूचींवरून कळते. ते भंडारा जिल्ह्यात पोहोचले की नाही, हे मात्र त्या सांगत नाहीत.

त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे जिल्ह्यातील जुन्या सार्वजनिक व शालेय ग्रंथालयांत जावे लागते. तेथील दाखल नोंदवहीत पुस्तक कोणत्या वर्षी, कोणाकडून, किती किमतीला आले याची नोंद असते. पुस्तकाच्या अखेरीस चिकटवलेल्या देवघेवीच्या कागदावर तारखांचे शिक्के असतात. एखादी कादंबरी किती वर्षे मागणीत होती आणि ती मागणी केव्हा ओसरली, हे त्या शिक्क्यांवरून वाचता येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, ही मोठीच उपलब्धी आहे. परंतु जागेच्या अभावी आणि नव्या ग्रंथांच्या खरेदीसाठी जुन्या ग्रंथांचे निर्लेखन करावे लागते, तेव्हा सर्वप्रथम जीर्ण व मागणी नसलेली पुस्तके बाहेर पडतात. पुस्तकाबरोबर तो शिक्क्यांचा कागदही रद्दीत जातो. निर्लेखन हा ग्रंथपालनाचा आवश्यक भाग आहे, याविषयी दुमत नाही. आक्षेप एवढाच की, नोंद करण्यापूर्वी ते होऊ नये.

संगणकीय प्रतिमांकनाने यातील काही प्रश्न सुटतात. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी दुर्मीळ ग्रंथ महाजालावर उपलब्ध करून मोठे काम केले आहे. तथापि प्रतिमांकनासाठी निवड होते तीही बहुधा 'दुर्मीळ' आणि 'महत्त्वाचे' या निकषांवर. कालपरवापर्यंत सर्वत्र असलेले पुस्तक दुर्मीळ झाले आहे, हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

पुण्या-मुंबईच्या संस्था हे काम जिल्ह्याच्या वतीने करतील, अशी अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यात मात्र ते निश्चित आहे. मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून पुढील गोष्टी साधता येतील : जिल्ह्यातील जुन्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांची छायाचित्रे घेणे, निर्लेखनासाठी काढलेल्या १९६० पूर्वीच्या पुस्तकांची मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, जाहिराती आणि देवघेवीचा कागद यांसह नोंद करणे, ज्येष्ठ वाचकांच्या मुलाखतींतून वाचनाच्या आठवणी संकलित करणे, आणि दंडारीच्या हस्तलिखित वह्या ज्या घरांत असतील, तेथे त्यांच्या प्रती करून घेणे. यांपैकी कशालाही मोठे अनुदान लागत नाही. प्रताधिकारातून मुक्त झालेल्या एखाद्या लेखकाचा छोटा, पण साधार संपादित संग्रह प्रसिद्ध करणे ही त्यापुढील पायरी ठरेल.

समारोप

सर्वच जुनी पुस्तके पुन्हा छापावीत, असा आग्रह येथे नाही. तसे करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. पुष्कळशी लोकप्रिय पुस्तके आजच्या वाचकाला कंटाळवाणी वाटतील, आणि त्यांना वाङ्मयीन गौरवाच्या आसनावर बसवण्याचे कारणही नाही. परंतु ज्या पुस्तकांनी धान उत्पादक, बिडी कामगार, शिक्षक आणि कारकून यांच्या या जिल्ह्यातील पहिल्या साक्षर पिढ्यांना वाचनाची सवय लावली असेल, ती कोणती होती, एवढे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे. आपल्या समानधर्म्याची वाट अनंत काळ पाहण्याची तयारी भवभूतीने ठेवली होती. गुर्जर किंवा अर्नाळकर यांच्यासारख्यांना वाचक त्यांच्या हयातीतच भरभरून लाभला. त्यांना उणीव आहे ती त्या वाचकाची नोंद ठेवणाऱ्याची. ही नोंद ठेवण्याजोगी साधने अद्याप काही कपाटांत आणि काही घरांत शिल्लक आहेत. ती पुढील निर्लेखनापूर्वी पाहून घेणे, हे जिल्ह्यातील अध्यापकवर्गाचे आजचे कर्तव्य ठरते.